माळावरचा चंडोल: माणदेशातल्या एका सकाळीवरून

माणगंगाकाठ · १४ जून

परवा रात्री आमच्याकडं मृगाचा पाऊस झाला. फार नाही, वरची ढेकळं विरघळतील एवढाच. मी सध्या गावी आहे. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडच्या अंगाला. पहाटे साडेपाचला उठून घरामागच्या माळावर गेलो. पहिल्या पावसानंतरच्या सकाळी माळावर जायची सवय मला आज्यानं लावली. तो मेंढरं राखायचा. पाऊस पडून गेला की चंडोल गळा मोकळा करतो, असं तो सांगायचा आणि माझ्या लहानपणी ते दरवर्षी खरं व्हायचं.

ज्यांनी माळावरचे चंडोल पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या माळावर दोन मुख्य. एक डोंबारी. चिमणीपेक्षा लहान. नराचा माथा राखाडी, पोट काळं कुळकुळीत, डोळ्यातून काळी पट्टी. मादी मातीसारखी, ढेकळात बसली तर दोन हातांवरून दिसत नाही. नर फडफडत वर चढतो आणि मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो. आता आपटतोय असं वाटतं तेवढ्यात पंख उघडून पुन्हा वर, पुन्हा खाली. खाली येताना एक लांब, घसरत जाणारी शीळ घालतो. डोंबाऱ्याचा खेळ ज्यानं पाहिलाय त्याला हे नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

दुसरा दख्खनी तुरेवाला चंडोल. हा खरा गवई. वर चढत चढत ठिपका होतो आणि तिथून गात राहतो, मान दुखायला लागते तरी याचं संपत नाही. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज तो आपल्या गाण्यात गुंफतो. टिटवीचा तुकडा तर मी कितीदा ऐकलाय. मुंबई सरकारचा दख्खनातला अधिकारी कर्नल साइक्स यानं १८३२ साली याचं शास्त्रीय वर्णन केलं. शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. जगात हा फक्त भारतात आहे, आणि तोही आपल्यासारख्या कोरड्या, उघड्या मुलखात.

तर काल सकाळी. पूर्वी त्या माळावर उभं राहिलं की कुठला चंडोल कुठं गातोय हे कळत नसे, सगळीकडूनच आवाज यायचा. काल मी दोन तास फिरलो. एक डोंबारी वर गेला. एकच. तुरेवाला एकदाही नाही.

माळ तसा जागेवर आहे, पण त्याचे तुकडे झालेत. वरच्या अंगाला उताराला आडवे चर काढून त्यात गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) रांगा लावल्यात. खालच्या अंगाला डाळिंब आलंय. मधून मुरुमाचा रस्ता गेलाय आणि रस्त्याच्या कडेला जिथून मुरूम काढला तिथं खड्डा. उरलेल्या पट्ट्यात गावातली कुत्री. कुसळी गवताचा सलग तुकडा म्हणावा असा दोन-अडीच एकर राहिलाय.

लहानपणी आज्यानं मला पहिलं घरटं दाखवलं ते याच माळावर. मेंढराच्या खुराच्या ठशात मूठभर खळगा. आत वाळल्या गवताच्या काड्या, थोडी लोकर, आणि एका कडेला हरभऱ्याएवढे खडे नीट लावलेले, कुणी अंगणाला कड घालावी तसे. आत दोन अंडी, मातकट ठिपक्यांची. आज्यानं स्वतःची घोंगडी त्या बाजूला अंथरली आणि कळप वळवून घेतला. त्या दिवशी मेंढरं त्या कोपऱ्यात चरली नाहीत.

हे एका गावापुरतं नाही. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी त्यामागं आहेत. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला त्यातल्या ६० टक्के घटल्यात. माळरानाशीच बांधलेले पक्षी निम्म्याहून अधिक कमी झालेत. म्हणजे मला जे माळावर ऐकू आलं नाही, ते देशभर ऐकू येत नाहीये.

माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, खानापूर इथले लोक इथं असतील तर आपापल्या माळाबद्दल लिहा. कुठं अजून गातोय? कुठं थांबला?

जतची वाट · १४ जून

वाचून गलबलून आलं. आमच्याकडं माडग्याळच्या बाजूला डोंबारी अजून दिसतो, रस्त्याच्या कडेला धुळीत अंग घुसळताना. तुरेवाला कमी झालाय हे नक्की.

पण मला जास्त जाणवतं ते खाटकाचं जाणं. तो मोठा राखी खाटीक हो, डोळ्यावर काळी पट्टी असलेला. आमच्या शेताच्या कडेच्या बाभळीवर बसायचा आणि नाकतोडे, सरडे काट्याला टोचून ठेवायचा. आई त्या बाभळीला खाटकाचं दुकान म्हणायची. बाभूळ आहे, खाटीक नाही.

दुर्बीण · १४ जून

जतची वाट, तुमच्या आईची बाभूळ त्या अहवालातही सापडते. मोठा राखी खाटीक दीर्घकाळात ८० टक्क्यांहून जास्त घटलाय. मोठमोठ्या नावांच्या पक्ष्यांत नव्हे, एकेकाळी कुंपणाकुंपणावर दिसणाऱ्या पक्ष्यात एवढी घट आहे.

द्राक्षवाला · १४ जून

माणगंगाकाठ, तुमचं लिखाण चांगलं आहे, पण मला एक गोष्ट खटकली आणि ती मनात ठेवून बसणार नाही. मी कवठेमहांकाळ तालुक्यातला. आमच्या आईनं टँकरमागं धावत पाणी भरलंय. दुष्काळात जनावरं छावणीत नेऊन बांधली, पाच महिने बाप तिथंच झोपला. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं तेव्हा गावानं कालव्यात नारळ फोडला, म्हातारी माणसं रडली. त्या पाण्यावर माझी दोन एकर बाग उभी आहे आणि पोरगी साताऱ्याला शिकतेय. आता कुणी म्हणालं की पाणी आलं म्हणून चिमणी गेली, तर मला राग येणार. माळ होता तेव्हा त्यावर काय पिकत होतं? कुसळं. ती पायात घुसायची.

माणगंगाकाठ · १४ जून

दादा, राग रास्त आहे. आमच्याही घरात टँकरचे हंडे आहेत, अजून टाकले नाहीत. पाण्याविरुद्ध एक अक्षर मी लिहिणार नाही. महाबळेश्वरात पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात आम्हाला पाचशेच्या आसपास, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय. टेंभू उपसा योजनेचं पाणी कराडजवळून उचलून आटपाडीपर्यंत नेलं ते लोकांनी भांडून मिळवलंय.

तुमच्या दोन एकरांबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी बोलतोय ते गायरानाबद्दल आणि डोंगरउतारांवरच्या माळाबद्दल, जिथं बाग होणार नाही, ऊस होणार नाही. तिथंही आपण काहीतरी ‘केलंच’ पाहिजे असं आपल्याला वाटतं. तो माळ रिकामा दिसतो म्हणून.

खटावची लेक · १५ जून

‘रिकामा’ हा शब्द तुम्ही बरोबर पकडलात. सातबाऱ्यावर पोटखराबा, सरकारी नकाशात पडीक, बोलण्यात ओसाड. मी प्राथमिक शाळेत शिकवते. एकदा चौथीच्या वर्गाला विचारलं, आपल्या गावामागच्या माळावर काय आहे? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तीस मुलं घेऊन गेले आणि प्रत्येकाला एका ठिकाणी दहा मिनिटं गप्प बसवलं. परत आल्यावर फळा पुरला नाही. नाकतोडे, सरडे, टिटवीची पिल्लं, सशाच्या लेंड्या, तित्तिराचं पीस. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘एक पक्षी वर जाऊन पडत होता पण पडला नाही.’ तो डोंबारीच.

आमच्याकडं मायणीच्या तलावावर रोहित (फ्लेमिंगो) आले की गाड्या भरून लोक येतात. यावेत, छानच आहे. त्या गाड्या ज्या माळामधून येतात तिथं काचसुद्धा खाली होत नाही.

कृष्णाकाठ · १५ जून

मी वाळव्याचा, ऊसपट्ट्यातला, त्यामुळं माळाचा अनुभव कमी. एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. झाडं लावणं वाईट कसं? आमच्या शेजारी सागरेश्वर आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर आयुष्य घालून झाडं उभी केली, म्हणून आज तिथं हरणं आहेत. १९८५ साली ते अभयारण्य झालं. लहानपणी शाळेची सहल तिथं गेली होती तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय की उघडा डोंगर दिसला की झाड लावावं.

माणगंगाकाठ · १५ जून

सागरेश्वरचं मोल माझ्या मनात तुमच्याइतकंच आहे. मोहित्यांसारखं काम करायला आयुष्य द्यावं लागतं. अडचण येते ती तोच उपाय प्रत्येक माळाला लावला की.

एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच. कासचं पठार. तिथंही झाड नाही, खडक आणि गवत. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथं जाऊन कुणी म्हणतं का, की बघा किती ओसाड आहे, गिरिपुष्प लावून टाकू? तिथं फुलं येतात, ती डोळ्यांना दिसतात, म्हणून आपल्याला कळतं की उघडेपण हेच त्या पठाराचं धन आहे. आमच्या माळाचं धन गवताच्या रंगाचं आहे. ते खाली बसून बघावं लागतं.

चंडोल झाडावर राहत नाही. त्याला गाण्यासाठी आकाश लागतं आणि घरट्यासाठी भुई. दर पाच फुटांवर झाड आलं की दोन्ही गेलं. वर त्या झाडांवर कावळे आणि शिक्रे बसायला लागतात, त्यांना खालचं घरटं सहज दिसतं.

जुना कर्मचारी · १६ जून

धागा दोन दिवस वाचतोय. लिहावं की नाही असं चाललं होतं. नोकरीतली पंचवीस वर्षं मी रोपवनाची कामं करून घेतलीत, सातारा-सांगली दोन्हीकडं. कुठल्या खात्यात ते सोडा.

काम कसं चालतं ते सांगतो. वर्षाला अमुक हेक्टर रोपवन, असं उद्दिष्ट वरून येतं. जंगलात जागा नसते, म्हणून नजर माळावर जाते, कारण तिथं खोदायला अडथळा नाही आणि कुणी हरकत घेत नाही. खड्डे आणि चर एप्रिल-मेमध्ये काढायचे, पावसाला सुरुवात झाली की जून-जुलैत रोपं. म्हणजे नेमका चंडोलाच्या विणीचा काळ. त्या वेळी मला हे माहीतच नव्हतं. मजूर बायका टोपलीत अंडी घेऊन यायच्या, साहेब हे काय, म्हणून. मी म्हणायचो, ठेवा बाजूला. बाजूला ठेवलेल्या अंड्यावर पक्षी बसत नाही हे आता समजतं.

आणि त्या रोपांचं काय झालं तेही सांगतो. माण तालुक्यासारख्या मुरमाड जमिनीत निम्मी तिसरा उन्हाळा बघत नाहीत. गिरिपुष्प आणि सुबाभूळ तगतात, म्हणून तीच लावली जातात. चर मात्र राहतात. गवताची सलग चादर फाटली की पुन्हा शिवली जात नाही, निदान माझ्या हयातीत मी पाहिली नाही.

हे लिहून काही भरून येत नाही. पण ज्यांच्या गावात पुढच्या वर्षी हे काम येणार असेल त्यांनी ग्रामसभेत आधी बोलावं, खड्डे पडल्यावर नाही. कामाचा आराखडा आधी येतो. तो मागा.

खटावची लेक · १६ जून

काका, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. असं आतून कुणी सांगत नाही.

ग्रामसभेचा मुद्दा निघालाच आहे म्हणून: २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. आमच्या गावची वही मी मागून घेतली. त्यात आंबा, चिंच, गाय, म्हैस, मोर. माळाचं पानच नव्हतं. आता आम्ही ते पान लिहायला घेतलंय. गवतांची नावं म्हाताऱ्या माणसांकडून: कुसळी, पवन्या, मारवेल. पक्ष्यांची नावं मुलांकडून. उद्या कुणी गायरान मागायला आलं तर गावाच्या हातात निदान एक कागद असेल.

फिरस्ता · १६ जून

चिमण्या, चंडोल वगैरे मोबाईल टॉवरमुळं मेले असं ऐकलंय. त्यावर कुणी बोलत नाहीये. आणि पवनचक्क्या? ढालगावच्या बाजूला, चाळकेवाडीला केवढ्या उभ्या आहेत.

दुर्बीण · १७ जून

टॉवरमुळं पक्षी संपल्याचा भक्कम पुरावा नाही. टॉवर डोळ्यांसमोर उभा असतो म्हणून दोष तिकडं जातो. माळ नांगरला गेला, तणनाशकानं तणाचं बी संपलं, कीटकनाशकानं पिल्लांच्या तोंडचे किडे संपले, हे सगळं जमिनीलगत घडतं, त्यामुळं दिसत नाही. चंडोल मोठेपणी बी टिपतो, पण पिल्लांना अळ्या आणि नाकतोडेच भरवतो. किडा नसेल तर अंडी फुटूनही उपयोग नाही.

पवनचक्क्यांवर मात्र आपल्याच सातारा जिल्ह्यात फार चांगलं काम झालंय. चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, शास्त्रज्ञांनी पाहणी केली, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी दिसले. शिकारी कमी झाले म्हणून तिथले सरडे वाढले, त्यांचं वागणंही बदललं. तोच तो गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला सरडा. त्याच्या वंशाला शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नाव दिलं तेही ‘सरडा’ या आपल्या शब्दावरून. म्हणजे खांब उभा केला वरती, आणि हिशेब बदलला खाली गवतात. चंडोलावर नेमका काय परिणाम झाला ते त्या पाहणीचा विषय नव्हता, म्हणून त्याबद्दल ओढूनताणून काही म्हणणार नाही. चाळकेवाडीला तुरेवाला दिसला तर तो बहुधा मलबारी असतो, छातीवर ठसठशीत रेघा असलेला. दख्खनी लहान, तांबूस, छातीवर रेघा अगदी मोजक्या. एकाच जिल्ह्यात पश्चिमेला ओल्या सड्यावर एक आणि पूर्वेला कोरड्या माळावर दुसरा. किती जिल्ह्यांच्या नशिबी हे असतं?

अजून एक. सगळेच पक्षी घटतायत असं नाही, आणि ते सांगणं गरजेचं आहे, नाहीतर लोक हात टेकतात. मोर, कोकीळ जोरात आहेत. सुगरण आणि गप्पीदास बऱ्यापैकी टिकून आहेत. जे कुठंही जमवून घेतात ते तगले. ज्यांना माळच लागतो ते गेले. चंडोल दुसऱ्या गटातला.

धनगरवाडा · १७ जून

आमी मेंढपाळ. माज्या आज्यापास्नं. म्या कॉलेज केलं पण मेंढरं सोडली न्हाईत.

माळावर चर पडलं की पयलं आमचं चरणं बंद हुतं. रोपं खात्यात म्हनून पाच वर्सं बंदी. मंग आमी जायचं कुठं? कोकणात उतरायचं, नायतर रस्त्याच्या कडंनं. मेंढरू रस्त्यावर मरतंय. आन् माळावर मेंढरू न्हाई आलं की गवत कमरंएवढं वाढतंय, वाळतंय, कुनीतरी काडी टाकतंय. फाल्गुनात वणवा लागला की भुईवरचं सगळं जातंय. मेंढरानं खाल्लेल्या माळावर डोंबारी जास्त असतंय ह्ये आमाला म्हाईत हाय, त्येला बारीक गवत आन् उघडी भुई लागती. लई चरलं तरी वंगाळ, अजिबात न्हाई चरलं तरी वंगाळ.

आमच्यात कळप बसवायच्या आदी म्हातारी माणसं काठीनं भुई चाचपून बघत्यात. अंडी दिसली तर तिथं दगडं रचून खूण करत्यात.

माणगंगाकाठ · १७ जून

भाऊ, दगडं रचून खूण! माझा आज्या घोंगडी अंथरायचा. वाचताना तो समोर उभा राहिला. माळ राखायचा असेल तर तो तुमच्याशिवाय राखता येणार नाही, हे या धाग्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुंपण घालून रिकामा ठेवलेला माळ आणि पाळीपाळीनं चारलेला माळ यात चंडोलाला दुसरा हवाय.

दूरदेशी सातारकर · १८ जून

मी सध्या इंग्लंडमध्ये राहतो. इथं चंडोलावर लोकांचा फार जीव. इथलाही चंडोल १९७० नंतर निम्म्याहून जास्त कमी झाला. कारण वाचलं तेव्हा आश्चर्य वाटलं: शेतकरी पूर्वी वसंतात गहू-जव पेरायचे, ते शरदात पेरायला लागले. शेत तेच, पीक तेच, फक्त पेरणीचा महिना बदलला. विणीच्या वेळी पीक इतकं उंच आणि दाट झालं की चंडोलाला खाली उतरायला जागाच राहिली नाही.

त्यावर त्यांनी उपाय काढला तो साधा आहे. पेरताना यंत्र क्षणभर उचलायचं आणि गव्हात छोटे चौकोन मोकळे सोडायचे, १६ ते २४ चौरस मीटरचे, हेक्टरी दोन. तेवढ्यानं पिल्लांची संख्या चांगली वाढली आणि शेतकऱ्याचं नुकसान नगण्य. मी स्वतः अशा शेताच्या बांधावर उभा राहिलोय. हिरव्यागार गव्हात एक मातीचा चौकोन आणि त्याच्यावर, पार वर, एक ठिपका गात होता. त्या क्षणी मला फलटणचा आमचा माळ आठवला. आई फोनवर म्हणाली, तो माळ विकला, प्लॉट पडले.

कृष्णाकाठ · १८ जून

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम आहे, जागा म्हणून एक गायरान सुचवलं होतं. मी उद्याच बोलतो. झाडं ओढ्याच्या काठी आणि शाळेच्या आवारात लावू, गायरान तसंच राहू दे.

द्राक्षवाला · ६ जुलै

बरेच दिवसांनी आलो. मागं जरा तावात लिहिलं होतं, पण त्यातलं काही मागं घेत नाही. आज एक विचारायचं होतं.

बागेच्या वरच्या अंगाला माझा आठ गुंठे तुकडा आहे, मुरमाड. पाइपलाइन तिथवर जात नाही म्हणून पडून आहे. यंदा नांगरून मका टाकायचा विचार होता. काल ट्रॅक्टर आणला आणि नांगराच्या पहिल्याच ओळीला फाळाच्या पुढून एक मातकट चिमणी उठली आणि लंगडत लंगडत, पंख ओढत चालायला लागली. मला वाटलं फाळ लागला. उतरून मागं गेलो तर ती उडून गेली. तेव्हा धनगरवाडा यांचं लिहिलेलं आठवलं. ड्रायव्हरला थांबवलं आणि दोघं वाकून बघत बसलो. दहा मिनिटांनी दिसलं. ढेकळाच्या आडोशाला खळगा, कडेला बारीक खडे लावलेले, आत तीन अंडी. फाळापासून चार बोटं.

ट्रॅक्टर परत पाठवला, ड्रायव्हरला तासाचे पैसे दिले. भोवती दगड ठेवलेत. आता हे डोंबारीचंच आहे का? आणि किती दिवस थांबू?

माणगंगाकाठ · ६ जुलै

दादा, खड्यांची कड असेल तर डोंबारीच धरून चाला. मातकट म्हणजे तुम्ही पाहिली ती मादी. नर-मादी दोघंही आळीपाळीनं अंड्यावर बसतात.

तीन-चार आठवडे तुकड्याला हात लावू नका. पिल्लं नीट उडायच्या आधीच घरट्यातून बाहेर पडतात आणि गवतात दडून बसतात, तेव्हा घरटं रिकामं दिसलं तरी लगेच नांगर घालू नका. दगड घरट्याला अगदी खेटून ठेवले असतील तर थोडे लांब सरकवा, कावळा त्यावर बसून बघतो. आणि बागेत फवारणी करताना वारा कुठला आहे तेवढं बघा.

द्राक्षवाला · ७ जुलै

दगड सरकवले. मका राहू दे यंदा, आठ गुंठ्यांत काय होणार होतं. सकाळी सहाला पोरगी आणि मी बांधावर बसलो होतो, ती सुट्टीला आलीय. पोट काळं असलेला एक आमच्या डोक्यावर पाच-सहा वेळा वर गेला आणि पडता पडता सावरला. शीळ घालतो ती मी इतकी वर्षं ऐकतोय, बागेत छाटणी करताना, पाणी सोडताना. कुठून येते हे कधी मान वर करून बघितलं नव्हतं.